मेडिकलसाठी बायोलॉजीसोबत गणित ठेवलं: अकरावी-बारावी काढल्यानंतरचा अनुभव

२०२३ च्या पावसाळ्यात अकरावीचा फॉर्म भरला. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी ठरलेलं. चौथ्या रकान्यात गणित की भूगोल, एवढाच प्रश्न. त्याच वर्षी रत्नागिरीत सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं होतं आणि आमच्या पावस-गोळप बाजूला घरटी एक डॉक्टर मनातल्या मनात तयार झाला होता. बाबा म्हणाले, "गणित ठेव. मेडिकल हुकलं तर इंजिनीअरिंग आहे. भूगोल घेऊन काय, बंदरं मोजत बसणार?" दहावीला गणितात ९४ होते, त्याचा मलाही थोडा माज होता. ठेवलं.

सगळे सांगत होते की गणितामुळे फिजिक्स सोपं जातं. हे अर्धंच खरं निघालं. आपल्या बोर्डाच्या अकरावी फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा गणितीय पद्धतींचा आहे. व्हेक्टर, डॉट प्रॉडक्ट, क्रॉस प्रॉडक्ट, डेरिव्हेटिव्ह, सगळं तिथंच येतं आणि फिजिक्सचे सर ते गणित नसलेल्यांनाही शिकवतात. गणितात मात्र डिफरन्शिएशन अकरावीच्या दुसऱ्या भागात अगदी शेवटी, आणि व्हेक्टर तर थेट बारावीला. म्हणजे फिजिक्सला जे ऑगस्टमध्ये हवं होतं ते गणितानं मला फेब्रुवारीत दिलं. भूगोलवाली माझी मैत्रीण आणि मी त्या धड्यात सारख्याच गटांगळ्या खात होतो.

खरा फायदा दोन ठिकाणी झाला. एक, हात चालायला लागला. बोर्डात कॅल्क्युलेटर नाही, नीटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या देशभरातल्या प्रवेश परीक्षेत, तर लॉगटेबलसुद्धा नाही, तेव्हा आकडेमोडीची भीती गेलेली असणं ही मोठी गोष्ट आहे. दुसरा फायदा मला अपेक्षितच नव्हता: जेनेटिक्स. मेंडेलचं ९:३:३:१ वर्ग चौकोन आखून पाठ करत होता. मला संभाव्यता येत होती, त्यामुळे पाऊणला पाऊणनं गुणलं की नऊ सोळांश हे डोळ्यांसमोर दिसायचं. पण एवढ्यासाठी दोन वर्षं? मॅथेमॅटिकल लॉजिक, लिनिअर प्रोग्रामिंग, रेषांच्या जोड्या यांचा नीटशी काडीचा संबंध नाही. संभाव्यता एका रविवारी कोणीही शिकवेल.

आता किंमत. सकाळी साडेसहाची एसटी, कॉलेज, मग गणिताचा वेगळा क्लास, कारण कॉलेजात गणिताची जागा अर्धं वर्ष रिकामीच होती. क्लास सुटेपर्यंत संध्याकाळची गाडी गेलेली. पुढची मिळून घरी येईतो आठ, आणि पावसात वीज असली तर असली. आठवड्याचे सात-आठ तास सहज गेले. ते कुठून गेले? बायोलॉजीतून. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण एकट्या बायोलॉजीचे असतात आणि प्रश्न एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, पुस्तकावर बेततात. आपण बोर्डवाले आधीच दोन-दोन पुस्तकं वाचतो, बोर्डाचं वेगळं, एनसीईआरटीचं वेगळं. त्यात तिसरं ओझं मी हौसेनं उचललं. (मराठीऐवजी आयटी घेतलं ते मात्र बरं झालं. गुण मिळतात, डोकं खात नाही. आजी अजून रागावलेली आहे.)

सगळ्यात वाईट गेला तो एप्रिल. घरात हापूसचा हंगाम, माजघरात आढी, अंगणात पेट्या, आणि मी कोपऱ्यात. सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) आणि पीसीएम (बायोलॉजीच्या जागी गणित) असे दोन्ही फॉर्म भरलेले, दोन्हीची फी वेगळी. पीसीबी झाली, पाठोपाठ पीसीएम, आणि ४ मेला नीट. पीसीएमच्या आधीचे पाच दिवस मी इंटिग्रेशन करत होते. इंजिनीअरिंगला जायचं नाही हे मला तेव्हा पक्कं माहीत होतं, तरी करत होते. फी भरली होती ना. २०२५ च्या त्या नीटचं फिजिक्स लांबलचक आणि आकडेमोडीचं होतं. माझा हात चालला, पण वेळ पुरला नाही. बायोलॉजीत तीन प्रश्न असे चुकले की वाक्य पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते आठवत होतं, वाक्य नाही. प्रत्येकी चार गेले, वर एकेक कापला.

बाबांच्या 'हुकलं तर'बद्दल. गणित नसतं तरी फार्मसी, दापोलीची ॲग्री, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय सगळं पीसीबीवर उघडंच होतं. आणि ज्यानं नुसतं पीसीएम घेतलं त्यालाही बारावीनंतर बायोलॉजीची वेगळी परीक्षा देऊन नीटला बसता येतं, असा नियम २०२३ च्या शेवटी आला. चुकीचा विषय घेतला की जन्म वाया, असं राहिलेलं नाही.

पाचपैकी दोन गुण देते. इंजिनीअर व्हायचं की डॉक्टर हे खरंच ठरत नसेल तर ठेवा, तेव्हा दुसरा इलाज नाही. माझ्यासारखं ठरलेलं असेल तर भूगोल घ्या आणि पाचची गाडी पकडा. त्या भूगोलवालीला बोर्डात भूगोलाला ८८ पडले, मला गणितात ७१.

काल बाबांनीच विचारलं, रिपीट करायचं झालं तर गणित परत द्यावं लागेल का. नाही म्हटलं. "मग ती पुस्तकं दे कोणाला तरी," म्हणाले, आणि पेट्यांचा हिशेब करायला बसले.