लेकीच्या हिरड्यांतून रक्त येत होतं : लहान मुलांच्या डेंटल क्लिनिकचा अनुभव

माझी मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. दिवाळीनंतर तिचं जेवण एकदम कमी झालं. डबा अर्धा परत यायचा, भाकरी नको पोळी नको, फक्त वरणभात, तोही एकाच बाजूनं चावत तासभर. दिवसभर चिडचिड, रात्री झोपेतून उठून रडायची. आम्ही भुकेचं टॉनिक दिलं, जंताचं औषध झालं, सासूबाईंनी दृष्ट काढली, पण तोंड उघडून आत कोणी बघितलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. मग एक दिवस ब्रश करताना बेसिनमध्ये लाल थुंकी दिसली आणि काळजात धस्स झालं.

आधी एका दवाखान्यात गेलो (नाव लिहीत नाही), तिथं दोन मिनिटांत सांगितलं, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, काळजी करू नका. पटलं नाही. दात पडतील हो, पण पोरगी आज जेवत नाही त्याचं काय? मग बहीण म्हणाली की लहान मुलांचे डेंटिस्ट वेगळे असतात, पेडोडॉन्टिस्ट, बीडीएस (दातांच्या डॉक्टरची पदवी) झाल्यावर तीन वर्षं मुलांच्याच दातांचं एमडीएस (पुढचं शिक्षण) करतात. तिच्या घराजवळ पुण्यात सिंहगड रोडला असं क्लिनिक आहे, तिथं गेलो.

गेल्या गेल्या दोन पानी फॉर्म भरायला दिला. हृदयात छिद्र आहे का, फिट येतात का, शुगर आहे का, दम्याचा पंप घेते का, तोंड उघडं ठेवून झोपते का, घोरते का. मला वाटलं हिरडी दाखवायला आलोय, एवढ्या चौकशा कशाला. पण डॉक्टर मॅडमनी शांतपणे एकेकाचं कारण सांगितलं. हिरडी सुजून रक्त येतं तेव्हा तोंडातले जंतू रक्तात शिरू शकतात, आणि ज्या मुलाच्या हृदयात जन्मापासून दोष आहे त्याच्या हृदयाच्या आतल्या अस्तराला त्यानं इन्फेक्शन होऊ शकतं. फिटसाठी फेनिटॉईन नावाचं औषध चालू असेल तर हिरड्या वाढून दातांवर चढतात. शुगर असलेल्या मुलांच्या हिरड्या लवकर सुजतात आणि सूज राहिली की शुगर आवरणं अवघड जातं, म्हणजे दोन्हीकडून त्रास. पंपातलं औषध तोंडात राहू नये म्हणून नंतर चूळ भरायची असते, हे किती घरांत सांगितलेलं असतं देव जाणे. आमच्या फॉर्मवर ‘हो’ फक्त दोनच ठिकाणी होतं, तोंड उघडं आणि घोरणं, आणि नेमकं तिथंच अर्धं उत्तर निघालं.

तपासण्याची पद्धत मला फार आवडली. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मगच करायचं. छोटा आरसा तोंडात घालायच्या आधी तिच्या हातात दिला, फिरणारा मऊ ब्रश तिच्या नखावर फिरवून दाखवला. मग दातांना एक रंग लावला, चूळ भरली की जिथं घाण चिकटलेली तिथंच तो राहतो. मागच्या दातांना हिरडीला लागून जाड गुलाबी पट्टाच्या पट्टा!! आणि रोज सकाळी ब्रश करत होती हो ती.

खालच्या डाव्या बाजूला शेवटच्या दाढेमागं नवी दाढ अर्धी वर आलेली, तिच्यावर हिरडीची झाकण असल्यासारखी चकती आणि तिच्याखाली अन्न अडकून सूज. म्हणून एका बाजूनं चावणं. ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, ती दुधाची नाही, आयुष्यभराची असते. तिच्या जागेवरून आधी काही पडत नाही म्हणून आईबापांना कळतच नाही. मलाही माहीत नव्हतं, तुम्ही आजच बॅटरी लावून बघा. वर समोरच्या हिरड्या लाल होत्या त्या तोंडानं श्वास घेतल्यामुळं, हिरडी कोरडी पडून सुजते. त्यासाठी त्यांनी ईएनटीकडं (कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं) पाठवलं, तिथं अडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढलेले निघाले, नाकाचा स्प्रे चालू आहे.

मी विचारलं, रक्ताचं काही मोठं नाही ना? त्या म्हणाल्या बहुतेक मुलांत ही साठलेल्या घाणीचीच सूज असते, नीट साफ केलं की पूर्ण बरी होते. पण रक्त थांबत नसेल, ताप असेल, अंगावर निळे डाग, चेहरा पांढरा पडलेला असेल तर थांबायचं नाही, रक्त तपासायचं. हे न घाबरवता सांगितलं.

दात साफ केले, चकतीखालचं धुतलं आणि ब्रश करायला शिकवलं ते मला! सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनीच करायचा, मुलाचं डोकं मांडीवर घेऊन, हिरडी आणि दात मिळतात त्या रेषेवर तिरका धरून, दोन मिनिटं. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, तीन वर्षांच्या आतल्याला तांदळाच्या दाण्याएवढी. आमच्या गावाकडं लहानांनाही मशेरी लावायला देतात, ती तंबाखू आहे, कृपा करून देऊ नका.

दोन आठवड्यांत रक्त थांबलं. परवा तिनं स्वतःहून भाकरी मागितली, मी नुसती बघत बसले.

आता खटकलेलं. शनिवारी अपॉइंटमेंट असून दीड तास बसवलं, उपाशी लहान मुलांसाठी हे फार आहे. काउंटरवर महागडी पेस्ट घ्या म्हणून मागं लागतात, मी नाही घेतली, साधी चालते असं मॅडमनीच सांगितलं होतं. पार्किंग नाही. तपासणीचे 500 आणि साफसफाईचे 1500 झाले. ज्यांना जमत नाही त्यांनी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजांत मुलांचा विभाग असतो तिथं जावं. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते त्यात दातही बघतात, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

पाचपैकी चार. जायचं तर मधल्या वारी सकाळी जा. आमची पुढची तारीख सहा महिन्यांनी आहे, धाकट्याला तेव्हा वर्ष पूर्ण होईल, त्यालाही नेणार आहे.