डेब्युसी, मूग आणि मागांवरची रात्र

खालचे माग रात्री अकराला थांबतात, मगच आमच्या घरात काही ऐकता येतं. गेला आठवडाभर त्या वेळी हेडफोन लावून जपानी संगीतकार इसाओ तोमिता यांचा १९७४ चा अल्बम 'स्नोफ्लेक्स आर डान्सिंग' ऐकतोय. रचना फ्रेंच संगीतकार डेब्युसीच्या, पियानोसाठी लिहिलेल्या. पण इथे पियानो नाही, मूग सिंथेसायझर आहे, म्हणजे विजेवर सूर घडवणारं वाद्य. तो एका वेळी एकच सूर काढायचा. त्यामुळे दहा बोटं एका दमात वाजवतात ते तोमितांनी एकेक सूर टेपवर घेत, थरावर थर चढवत उभं केलं. ताण्यात एकेक धागा ओवावा तसं. ही चिकाटी सोलापूरच्या माणसाला लगेच कळते.

त्यातलं 'द एन्गल्फ्ड कॅथेड्रल' तर थेट काळजात उतरतं. समुद्रात बुडालेलं चर्च पाण्यावर येतं, ही फ्रान्समधल्या ब्रिटनीकडची दंतकथा. खोलवरून स्वर उमटतात, मग माणसांनी गावं तसा समूहस्वर चढत जातो. मला पहाटेच्या धुक्यातलं तलावातलं सिद्धेश्वराचं देऊळ दिसलं.

'क्लेअर द ल्यून' मात्र फार गोड झालंय. पियानोचा सूर विरताना जी हुरहुर लागते, ती इथे हरवली.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. आवाज या कानातून त्या कानात फिरतात, ते हेडफोनशिवाय कळणारच नाही.