कथा टिपायला घेतलेला रेकॉर्डर: सात महिन्यांनंतर

सुरगाणा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर मामा थाळीवर कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, कथा सांगतात. ती टिपून ठेवायची म्हणून ९,५०० रुपयांना हा रेकॉर्डर घेतला. तीन रात्री झाल्या, आता लिहायला हरकत नाही.

आवाज छान घेतो, पण खोक्यातून काढला तसाच वापरू नका. 'नॉईज कट' आधीपासून चालू असतं. थाळी पाहिली नसेल तर सांगतो: काशाच्या थाळीत मधोमध मेणाने बारीक काडी उभी चिकटवायची आणि चिमटीने तिच्यावरून वरून खाली बोटं ओढत राहायचं. एकसारखा घुमारा निघतो, त्यावर कथा चालते. मशीनला तो पंख्याची घरघर वाटला. पहिल्या फाइलमध्ये मामांचा आवाज लख्ख, थाळी जवळपास गायब. त्यात बारीक आवाज आला की रेकॉर्डिंग थांबवणारी सोय मीच चालू ठेवलेली, त्यामुळे मागे बसलेल्यांचा हुंकाराही गेला.

मामांना हेडफोन लावून ऐकवलं. थोड्या वेळाने म्हणाले, "मी एकटाच बसलो होतो का रे?"

हुंकारा आला नाही तर मामा पुढे सरकतच नाहीत. आमच्या घरी नागलीचा दाणा म्हणजेच कणसरी. तो पायाखाली आला तर ती रुसते. धड्यासारखी वाचली तर ही गोष्ट पाच मिनिटांत संपेल (मी शाळेत तसंच करायचो). दोन्ही सोयी बंद करून घेतलेल्या पुढच्या दोन फाइली शेजारी लावल्या, तर रुसण्याचा भाग एकीत दहा मिनिटं, दुसरीत पाऊण तास. असं का, विचारलं. "त्या घरची सून माहेरी जाऊन बसली होती," एवढंच उत्तर.

बाकी किरकोळ. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण १ जीबी खाते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात रात्री भरपूर मावतात. सेलचा जादा जोड खिशात ठेवाच. स्क्रीनच्या उजेडावर किडे येतात, मी काळी पट्टी चिकटवली. मेनूत मराठी नाही.

पाचातले चार तारे. एक त्या नॉईज कटमुळे कापला. फाइल आधी मामांच्या नातवाच्या मोबाइलवर जाते, मग माझ्या लॅपटॉपवर.