स्थिरीकरण तळी की एसबीआर: छोट्या शहराच्या सांडपाण्यासाठी काय निवडावे?

छोट्या शहराने सांडपाणी प्रक्रियेसाठी स्थिरीकरण तळी, म्हणजे ज्यांत सांडपाणी बरेच दिवस साठवून निसर्गतः शुद्ध होऊ देतात अशी उघडी तळी, बांधावीत, की एकाच टाकीत आळीपाळीने हवा देऊन, गाळ बसवून वरचे पाणी काढून घेणारी एसबीआर (सिक्वेन्सिंग बॅच रिअॅक्टर) पद्धत स्वीकारावी, हे बहुधा उपलब्ध जागा आणि बांधकामाचा खर्च पाहून ठरते. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात: नदी सर्वाधिक आटलेली असताना केंद्रातून सुटलेले पाणी तिच्यात कितपत विरळ होते आणि खालच्या अंगाला ते कोण वापरते.

नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन सांडपाणी मिसळते त्या जागी नव्हे, तर प्रवाहात बऱ्याच खाली जाऊन नीचांक गाठतो. त्याचे गणित स्ट्रीटर आणि फेल्प्स या अमेरिकी संशोधकांनी १९२५ साली मांडले. उन्हाळ्यात ही घट अधिक जाचते, कारण २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. निविदांमध्ये सारा भर बीओडीवर, म्हणजे सांडपाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनवर असतो. पण अमोनियाच्या रूपातील एक ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन खर्ची पडतो, आणि ही क्रिया केंद्रात झाली नाही तर तो भार नदीवर येतो. इथे एसबीआर सरस ठरते, अर्थात पुरेशी हवा दिली आणि जिवाणूंनी भरलेला गाळ टाकीत पुरेसे दिवस राहू दिला तर. तळ्यांमध्ये अमोनिया किती कमी होईल, हे ऋतूवर अवलंबून असते.

रोगजंतूंच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. एकापाठोपाठ एक जोडलेल्या तळ्यांत पाणी कित्येक दिवस, कधी कधी आठवडे राहते, त्यामुळे जंतांची अंडी तळाशी बसतात आणि ऊन व शेवाळामुळे वाढलेला सामू (पीएच) जिवाणूंना मारतो. एसबीआरचे पाणी नितळ दिसले तरी निर्जंतुक नसते. त्यात क्लोरीन घालावा लागतो आणि तो शिल्लक राहिला तर मासे मरतात. तळ्यांचे पाणी हिरवट असते, हा त्यांचा खरा दोष: शेवाळ वाहून गेल्याने तरंगते घनपदार्थ वाढतात. फॉस्फरसबाबत रसायन न घालता दोन्हींवर विसंबू नये.

वीज गेली की टाकीत हवा सोडणारे ब्लोअर थांबतात आणि एसबीआर अडचणीत येते. तळी चालू राहतात, फक्त अनेक वर्षांनी करायचा गाळउपसा टाळला जातो.

खाली शेती असेल, जागा असेल आणि नदीला बारमाही पाणी असेल, तर मी तळी निवडेन. नदी क्षीण असेल आणि तिच्यातील मासे टिकवायचे असतील तर एसबीआर घ्यावी, मात्र जनरेटर, प्रशिक्षित चालक आणि रोजची चाचणी यांची तरतूद असेल तरच. निर्णयापूर्वी भर उन्हाळ्यात, खालच्या अंगाला अनेक ठिकाणी, पहाटे ऑक्सिजन आणि अमोनिया मोजावा. शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडते, त्यामुळे शेवाळ असलेल्या पाण्याचे दुपारचे आकडे फसवे असतात.