बाहेरून चकाचक, आतून रिकामी

सनटूर या जपानी कंपनीची जुनी, सायकलच्या फ्रेमच्या तिरक्या नळीवर बसणारी गिअर लिव्हरची जोडी मी साफ करायला दिली आणि ती आतून रिकामी होऊन परत आली. असं सामान जपून ठेवणाऱ्यांपैकी आणखी कुणाच्या वाट्याला हे येऊ नये, म्हणून लिहितोय.

या लिव्हरची सगळी खुबी आत असते. लिव्हर मागे ओढली की बारीक दात्यांवरून एक छोटा खटका सरकतो, टिकटिक ऐकू येते आणि बोटाला फारसा जोर लागत नाही. उलट दिशेला खटका दात्यांत अडकतो आणि घर्षण आड येतं, म्हणून डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगने तार कितीही ओढली तरी लिव्हर जागची हलत नाही. साध्या घर्षणाच्या लिव्हरमध्ये हे दाते नसतात, तिथे दोन्हीकडे सारखंच घर्षण आड येतं.

माझ्या जोडीतलं ग्रीस सुकून चिकट झालं होतं, एवढाच दोष. जुन्या मालाचं काम येतं असं सांगणाऱ्या एका कारागिराकडे दिली. परत मिळाली तेव्हा धातू आरशासारखा चमकत होता. मी खूश होऊन पैसे दिले आणि न उघडताच घेऊन आलो.

पहिल्याच चढावर चेन मागच्या मोठ्या चक्रावर घेतली, हात काढला आणि ती आपसूक खाली उतरली. स्क्रू आवळला. चार वेळा गिअर बदलले तर पुन्हा सैल. आणखी आवळला तर लिव्हर इतकी घट्ट की अंगठा दुखायला लागला. मग लक्षात आलं, टिकटिक येतच नाहीये.

घरी येऊन पांढऱ्या कापडावर उघडली. दातेरी चकती नाही, खटका नाही, त्यामागची नखाएवढी स्प्रिंगही नाही. त्यांच्या जागी साधे गोल वॉशर आणि ग्रीसचा जाड थर. लिव्हर ज्या खुंटीवर बसते तिच्या बाजू चपट्या असतात आणि बाहेरच्या वॉशरचं भोकही त्याच आकाराचं असतं. त्यामुळे तो वॉशर फिरत नाही आणि लिव्हरचं फिरणं स्क्रूपर्यंत पोचत नाही. तोच बदलून गोल भोकाचा टाकला होता, म्हणून स्क्रू दर वेळी सुटत होता. चढावर अचानक चेन उतरली की माणूस पडू शकतो, याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

विचारायला गेलो तर म्हणाला, "या मॉडेलला दाते नसतातच." माझ्याकडे आधीचा एकही फोटो नव्हता. बराच वेळ अडून बसलो तेव्हा एका डब्यातून सुटे भाग काढून त्याने दोन्ही लिव्हर जोडून दिल्या. डावी पुन्हा घसरली. डावी आणि उजवी लिव्हर एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. त्याने डावीतही उजव्या बाजूचाच खटका घातला होता, त्यामुळे ओढताना अडकायची आणि सोडताना मोकळी. माझे मूळ भाग कुठे गेले ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता मी जोडी कुणाच्याही हाती देण्याआधी लिव्हर ओढून आवाज रेकॉर्ड करतो, एकेक थर उचलताना फोटो काढतो आणि वॉशर निघतील त्याच क्रमाने तारेत ओवतो. डावीचे भाग वेगळ्या डबीत, उजवीचे वेगळ्या. खरं तर एवढं केल्यावर साफसफाई घरीच होते: घर्षणाचे वॉशर कोरडे पुसायचे, खटक्याला पातळ तेलाचा एक थेंब, बस्स. बाहेर दिलीच तर परत घेताना स्क्रू त्याच्यासमोर उघडायला लावायचा, पैसे त्यानंतर. "कंपनीची सेटिंग बिघडेल" म्हणत उघडायला नकार देणाऱ्याकडे माल ठेवू नका.

एका मोडक्या लिव्हरमधून काढलेल्या भागांवर उजवी पुन्हा टिकटिकतेय. डावीचा खटका अजून शोधतोय.