फार्मसीत मुलीला लस दिली: सुईला पाच स्टार, कॉम्प्युटरला शून्य (वापरानंतरचा अनुभव)

लस घ्यावी की नाही हा वाद इथे नकोच, आम्ही घेणारे आहोत. हा रिव्ह्यू फक्त डॉक्टरऐवजी फार्मसीत जाऊन घेण्याबद्दल आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्टला. मोठी सातवीत जाणार, म्हणजे टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस) कंपल्सरी, नाहीतर शाळा बसू देत नाही. शाळा ऑगस्टमध्ये आणि डॉक्टरची तारीख मिळत होती थेट ऑक्टोबरची. बायको म्हणाली फार्मसीत फ्लूची देतात तर ही पण देत असतील की. खरंच देतात. रविवार संध्याकाळची वेळ मिळाली, इन्शुरन्स चालला, खिशातून एक डॉलर नाही, सुट्टी टाकायला लागली नाही, वर दुकानाचं कूपन (जे दुधावर चालत नाही, औषधांवर चालत नाही, मग चालतं कशावर देव जाणे). टीडॅपसोबत मेनिंगोकॉकल (मेंदूज्वरावरची) आणि एचपीव्हीचा (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी लस) पहिला डोस असं सगळं एकदम उरकलं. फार्मसिस्ट बाईंचा हात इतका हलका की पोरगी विचारते, "झालं पण?" त्याच रात्री रिव्ह्यू लिहिला असता तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते.

पुण्याहून आईचा फोन. "मेडिकलवाल्याकडून इंजेक्शन? पोरीला?" तिला सांगितलं की अगं इथला फार्मसिस्ट डॉक्टरेटची डिग्री घेतलेला असतो, लसीकरणाचं वेगळं ट्रेनिंग लागतं, सीपीआरचं सर्टिफिकेट लागतं, आणि आपल्याकडे तरी डॉक्टर कुठे टोचतात, सरकारी दवाखान्यात सिस्टरच देतात ना. या राज्यात तीन वर्षांपुढच्या मुलांना नेहमीच्या लशी द्यायची परवानगी फार्मसिस्टना 2014 पासून आहे. पुढे कोविडमध्ये मुलांचे डोस रखडले म्हणून ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने देशभर 3 ते 18 वयासाठी तात्पुरती मुभा दिली, तेव्हा बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जोरदार विरोध केला होता. मला तो विरोध निव्वळ धंद्याचा वाटला होता. आईला यातलं काहीच पटलं नाही, तो भाग वेगळा.

अपडेट: शाळेने रेकॉर्ड मागितलं. राज्याच्या डिजिटल व्हॅक्सिन रेकॉर्ड या वेबसाइटवर नाव, जन्मतारीख, फोन टाकला तर लहानपणच्या सगळ्या लशी दिसतायत, नवीन तिन्ही गायब! कारण ऐका. पोरीच्या भारतीय पासपोर्टवर तिच्या नावाला चिकटून माझं नाव आहे, आपल्या सगळ्यांचं असतं तसं. इन्शुरन्स कार्डावर तेच उतरलंय. डॉक्टरकडे फक्त तिचं नाव आहे. फार्मसीच्या काउंटरवरच्या पोराने कार्ड बघून दोन्ही नावं एकत्र फर्स्ट नेममध्ये ठोकली. झालं, सरकारदरबारी आम्हाला दोन मुली. एक शहाणी, जिने वेळच्या वेळी सगळं घेतलं पण टीडॅप चुकवली, आणि दुसरी बेवारस, जिला जन्मापासून काहीच मिळालं नाही आणि एका रविवारी एकदम तीन!

फोन केला की रिफिलसाठी हे दाबा, ट्रान्सफरसाठी ते दाबा. माणूस लागलाच तर "आमच्याकडून गेलंय सर". गेलंयच हो! नियमच आहे की 14 दिवसांत राज्याच्या रजिस्ट्रीत नोंद करायची आणि मुलाच्या डॉक्टरलाही कळवायचं. पण कुणाच्या नावाने गेलं? डॉक्टरकडे विचारलं तर त्या नावाची पेशंटच नाही म्हणून फॅक्स तसाच पडून. शेवटी मीच दुकानात जाऊन उभा राहिलो तर त्याच बाईंनी हातोहात प्रिंट काढून दिली आणि शाळेने ती घेतली पण. म्हणजे फोनवर जो तमाशा झाला त्याची गरजच नव्हती. तेव्हा दोन स्टारवर आलो होतो. दोन रेकॉर्ड जोडायला वेबसाइटवरचा फॉर्म भरला, जोडली गेली, पण तोवर माझं डोकं आउट.

अजून एक. लशीनंतर 15 मिनिटं बसवतात, कारण या वयातली मुलं चक्कर येऊन पडू शकतात. बसवलं कुठे, तर बीपी मशीन आणि शाम्पूच्या रॅकच्या मधे, आणि तिच्याकडे बघायला मी सोडून कुणी नाही.

ऑक्टोबरमध्ये डॉक्टरकडे वार्षिक तपासणी झाली. मला वाटलं बाई चिडतील, पण अजिबात नाही. वाकायला लावून पाठीचा कणा बघितला, बीपी, वजन, नजर. चष्म्याचा नंबर निघाला. ऑगस्टची लस होऊन गेलेली, त्यामुळे मी तर ती अपॉइंटमेंट रद्दच करणार होतो, बायकोने करू दिली नाही. संघटना 2020 मध्ये याच भीतीने ओरडत होती, की लस बाहेर मिळाली की लोक तपासणीला फिरकणार नाहीत. तो धंद्याचा मुद्दा वगैरे मी मागे घेतो.

आणि ज्यांना याची खरी गरज आहे त्यांचं काय? ओळखीतल्या एका बाईंच्या मुलाला मेडी-कॅल (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा राज्याचा सरकारी विमा) आहे. त्या मुलांच्या लशी व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन या सरकारी योजनेतून येतात आणि त्यात फार्मसी फारच कमी. त्यांना काउंटरवरूनच परत पाठवलं. रोजावर काम करणाऱ्या बाईने मुलाच्या टीडॅपसाठी दिवस बुडवायचा आणि माझ्यासारख्या ऑफिसवाल्याने रविवारी संध्याकाळी कूपन घेऊन यायचं. उलटं हवं होतं ना?

एचपीव्हीचा दुसरा डोस (पंधराच्या आत सुरू केलं तर दोनच लागतात, सहा महिन्यांच्या अंतराने) परत तिथेच घेतला. हो, तिथेच, रविवार आणि फुकट पार्किंग कोण सोडतं. फक्त यावेळी काउंटरवर वाकून स्क्रीन बघितली, माझं नाव तिच्या नावातून काढायला लावलं, प्रिंट हातात आल्याशिवाय हललो नाही. मागे लाइन लागली होती, लागू दे.

साडेतीन स्टार. धाकट्याला अजून तीन पूर्ण व्हायचेत, त्यामुळे तो डॉक्टरकडेच. त्याचा जन्म इथला, फॉर्मवर मिडल नेमची वेगळी चौकट होती, मी तिथेच गपचूप बसलोय.