सरकारी रोखा की कंपनीचा कर्जरोखा: जास्तीच्या दोन टक्क्यांचा हिशेब

बँकेतली मुदत ठेव संपली आहे आणि समोर दोन पर्याय आहेत असे समजू. एक, भारत सरकारचा दहा वर्षांचा ७ टक्के व्याजाचा रोखा. दुसरा, एखाद्या वित्त कंपनीचा तीन वर्षांचा ९ टक्के व्याजाचा अपरिवर्तनीय (शेअरमध्ये बदलता न येणारा) कर्जरोखा, म्हणजेच एनसीडी. (हे दर उदाहरणादाखल आहेत.) सातपेक्षा नऊ मोठे, म्हणून दुसरा पर्याय चांगला, असा निष्कर्ष चटकन निघतो, परंतु पहिल्या आकड्यात दहा वर्षे पैसे अडकण्याचे मोल आहे आणि दुसऱ्यात कर्जदार पैसे बुडवील या शक्यतेचे, त्यामुळे हे दोन आकडे एका मापाने मोजताच येत नाहीत.

आधी किंमत कशी ठरते ते पाहू. पुढे मिळणारा व्याजाचा प्रत्येक हप्ता आणि शेवटी परत येणारे मुद्दल यांचे बाजारातल्या आजच्या व्याजदराने काढलेले मूल्य म्हणजे रोख्याची किंमत. रोख्यावर छापलेला व्याजदर, ज्याला कूपन म्हणतात, तो बदलत नाही. बाजारातला दर मात्र रोज बदलतो आणि त्याची भरपाई किमतीलाच करावी लागते. दर्शनी मूल्य १०० रुपये, कूपन ७ टक्के, मुदत दहा वर्षे आणि व्याज वर्षातून एकदा, असा रोखा घ्या (सरकारी रोख्यांचे व्याज प्रत्यक्षात सहामाही मिळते). बाजाराचा दर ८ टक्के झाला, तर हा रोखा सुमारे ९३.२९ रुपयांना विकला जाईल. दर ६ टक्क्यांवर आला, तर सुमारे १०७.३६ रुपयांना. तीन वर्षांच्या रोख्यात हेच आकडे ९७.४२ आणि १०२.६७ असे येतात, तर तीस वर्षांच्या रोख्यात ८८.७४ आणि ११३.७६. मुदत जितकी लांब, तितका किमतीचा झोका मोठा.

म्हणजे सरकारी रोखाही ‘सुरक्षित’ आहे तो एका विशिष्ट अर्थाने. रुपयांतले आपले कर्ज सरकार बुडवील, ही शक्यता व्यवहारात कोणी धरत नाही. पण एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देण्याचा आपला दर, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला, आणि दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या किमती घसरल्या. त्या काळात ज्याला निकडीने रोखा विकावा लागला, त्याचे नुकसान खरे होते. ज्याने तो हातात ठेवला, त्याची तूट मुदत जवळ येईल तशी आपोआप भरून निघते, कारण शेवटी सरकार १०० रुपयेच देणार असते. त्याला सोसावी लागते ती एवढीच गोष्ट, की महागाई वाढली तरी त्याचा हप्ता ७ टक्क्यांचाच राहतो.

कंपनीच्या रोख्यातली पतजोखीम, म्हणजे पैसे बुडण्याची शक्यता, अशी काळाबरोबर विरत नाही. दिवाण हाऊसिंग फायनान्सने मे २०१८ मध्ये ‘एएए’ हे सर्वोच्च पतमानांकन मिरवत सर्वसामान्यांना कर्जरोखे देऊ केले. जून २०१९ मध्ये त्याच कंपनीचे मानांकन ‘डी’, म्हणजे देणे थकलेली, असे झाले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस या कंपनीचीही गत अशीच झाली होती. मानांकन बिनकामाचे नाही, पण ते आजच्या माहितीवरचे मत असते आणि बातमी फुटल्यावर ते बदलेपर्यंत किंमत आधीच कोसळलेली असते.

मग जास्तीचे दोन टक्के पुरेसे आहेत का? ढोबळ हिशेब करता येतो. कंपनी बुडाल्यास शंभरातले साठ रुपये जातील असे धरले, तर अशा कंपन्यांपैकी वर्षाला सुमारे तीसांत एक बुडाली, तरी दोन टक्क्यांत नुकसान भरून निघते. पण ३० टक्के कराच्या टप्प्यात, उपकर धरून, या दोन टक्क्यांतले जेमतेम १.४ टक्के हाती राहतात. मुद्दलाचे नुकसान मात्र व्याजाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे सहन करता येण्याजोगे प्रमाण त्रेचाळिसांत एक असे घटते. जाहिरातींत हा भाग कधी दिसत नाही.

तुलना करताना मुदती सारख्या घ्याव्यात. तीन वर्षांच्या एनसीडीसमोर तीन वर्षांचाच सरकारी रोखा ठेवावा. एरवी मुदतीची जोखीम आणि पतजोखीम एकमेकींत मिसळतात. कंपनीला रोखा मुदतीआधी परत घेण्याचा हक्क आहे का, हेही पाहावे, कारण दर उतरले की कंपनी तो हक्क वापरते आणि गुंतवणूकदाराला तेच पैसे कमी दराने पुन्हा गुंतवावे लागतात. विक्रीच्या बाबतीत दोन्हीकडे छोट्या गुंतवणूकदाराला गिऱ्हाईक सहज मिळत नाही, तरी कंपनीच्या रोख्याला ते अधिक दुर्मीळ.

सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ योजनेतून, जी नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, किमान १०,००० रुपयांपासून घेता येतात. खाते उघडायला शुल्क नाही. तिथेच राज्यांचे विकास कर्जरोखेही, महाराष्ट्राचे धरून, मिळतात आणि त्यांचा परतावा केंद्राच्या रोख्यापेक्षा किंचित जास्त असतो. दर वाढण्याचीच धास्ती असेल, तर रिझर्व्ह बँकेचे सात वर्षांचे बदलत्या दराचे बचत रोखे आहेत: राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्का जास्त व्याज आणि दर सहा महिन्यांनी नवा दर. मात्र ते विकता येत नाहीत.

माझा कल सरकारी रोख्याकडे आहे आणि त्याचे कारण वरच्या हिशेबातच आहे. त्रेचाळिसांत एक हे प्रमाण शेकडो कंपन्यांचे रोखे बाळगणाऱ्या विमा कंपनीला उपयोगी पडते, कारण तिच्यासाठी सरासरी हेच वास्तव असते. घरात एक-दोन एनसीडी असलेल्या माणसाकडे सरासरी नावाची गोष्टच नसते, त्याची कंपनी एक तर तरते किंवा बुडते. म्हणून मुलीच्या प्रवेशासाठी वा निवृत्तीनंतरच्या खर्चासाठी ठेवलेला पैसा गरजेच्या तारखेशी मुदत जुळणाऱ्या सरकारी रोख्यात असावा, आणि एनसीडीत एका कंपनीमागे तेवढीच रक्कम, जिच्यातले साठ टक्के गेले तरी घरातला एकही बेत बदलावा लागणार नाही.